शुभांगीचा जिराफ

फोन आला तेव्हा माझ्या हातात चवळीचं पाकीट होतं. डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या नेहमीच्या इंडियन ग्रोसरीत कडधान्यांच्या रॅकसमोर उभी राहून मी मोठी चवळी घ्यावी की बारीक, असा विचार करत होते. शुभांगीनेच आणायला सांगितली होती. खायला नव्हे. कॅमेरा टेकवायला तिने शिवलेल्या पिशवीतल्या जुन्या चवळीला किडे लागले होते, आणि आमची केनियाची ट्रिप सहा आठवड्यांवर आली होती. फोनवर तिचा नवरा प्रशांत होता. "संध्याताई," तो म्हणाला. मग म्हणाला, "शुभांगी गेली." मी म्हटलं, "कुठे?" ...आजही तो प्रश्न आठवला की माझं मलाच कसंतरी होतं. सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता तिचं डोकं प्रचंड दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स आली, मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला आणि मी काय केलं असेल? बिलिंगच्या लाइनमध्ये जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे दोघं होते, त्यांचं होईपर्यंत थांबले. बिल दिलं, पावती घेतली, काउंटरवरच्या मुलीला थँक यूसुद्धा म्हणाले. पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडल्यावर मग मला रडू फुटलं. मैत्रीण गेल्याचं कळल्यावरही जी बाई चवळीची पावती घेते, तिला काय म्हणायचं?

आमची ओळख अर्विंगच्याच एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये झाली, लाँड्री रूममध्ये. मी पुण्याहून नवीन आलेली, नवऱ्याच्या मागे मागे. मराठी कानावर पडलं म्हणून हरखून वळले, तर एक सावळी, उंच बाई फोनवर कुणाला तरी रागावत होती, "काहून नाही केलं बाप्पा अजून, मी काय रोज रोज सांगून राहिली?" तिचा फोन संपल्यावर मी आमच्या पुणेरी वळणाप्रमाणे नाव विचारलं, गाव विचारलं आणि लगेच आडनाव विचारलं. तिने ड्रायरमधून कपडे काढता काढता माझ्याकडे बघितलं. "मेश्राम," ती म्हणाली. "आता पुढचा प्रश्न?" माझा चेहरा उतरलेला पाहून तीच हसली. तिचं हसणं उचकी लागल्यासारखं सुरू व्हायचं आणि मग थांबायचंच नाही. "अवं, घाबरू नको. तू विचारलं, मी सांगितलं. चल, चहा घेऊ." त्या चहापासून पुढं आमचं जे सुरू झालं ते झालंच. दोघींची घरं झाली, दोघी जवळच्याच फ्रिस्कोला आलो, तिची यशोधरा आणि माझा मुलगा एकाच स्कूल बसने जायला लागले. भांडलोही पुष्कळ. पोहे कसे करायचे यावरून तर आम्ही एकदा आठवडाभर बोललो नव्हतो. पण आडनावाचा तो प्रश्न तिने मला कधी विसरू दिला नाही. कुणी नवीन मराठी बाई भेटली की माझ्याकडे वळून म्हणायची, "विचार, विचार. मनात ठेवू नको, त्रास होते."

फोटोग्राफीचं वेड तिला उशिरा लागलं. ती नागपूरची, त्यामुळे वाघाचं तिला काही अप्रूप नव्हतं. "वाघ काय, आमच्याकडे पाहुण्यांना दाखवतात," असं ती ऐटीत सांगायची. सिंहाबद्दल तर तिचं मत फारच वाईट होतं. "दिवसभर झोपते, बायका कमावून आणतात. असे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत." तिला जिराफ हवा होता. तोही कसा, तर पाणी पिणारा. एवढा उंच प्राणी, पण पाण्यापाशी आला की त्याची पंचाईत होते. मान पोचत नाही. मग पुढचे पाय थोडे थोडे करत बाजूला सरकवायचे, फाकवायचे, आणि हळूहळू वाकायचं. वाकला की मागून कोण येतंय ते दिसत नाही, चटकन उठताही येत नाही. म्हणून तो आधी किती तरी वेळ नुसता उभा राहून चहूकडे बघत राहतो. पिऊन झालं की झटक्यात मान वर करतो, आणि तोंडातून पाण्याची एक कमान हवेत उडते. तो एक क्षण तिला हवा होता. हे सगळं ती मला सांगायची नाही, करून दाखवायची. आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला, भर पार्कमध्ये, पंजाबी ड्रेसमध्ये, पाय फाकवून हात जमिनीला टेकवायची आणि मान अशी झटकायची की केसांची क्लिप उडून जायची. पोरं खदाखदा हसायची. यशू मात्र लाजून कुठे तरी लपायची. "मम्मी, स्टॉप! पीपल आर लुकिंग!"

आफ्रिकेला जाणं जमेना तेव्हा तिने टेक्सासमध्येच आफ्रिका शोधून काढली. फ्रिस्कोपासून दोनेक तासांवर एक मोठं रँच आहे. तिकीट काढून आपली गाडी आत न्यायची, झेब्रे, हरणं, शहामृग, जिराफ मोकळे हिंडत असतात. महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही जायचोच. मी ड्राइव्ह करायची, ती मागच्या सीटवर. खिडकीची काच खाली, दारावर तिने यशूच्या जुन्या जीन्सची शिवलेली पिशवी, खोगिरासारखी दोन्हीकडे लोंबणारी, आत चवळी भरलेली. तिच्यावर ती मोठी लेन्स टेकवली की हलत नाही म्हणे. ट्रायपॉड गाडीत लावता येत नाही, म्हणून जगभर लोक असंच करतात, असं ती सांगायची. गेटवर प्राण्यांना चारायला खाऊची कागदी पिशवी मिळायची, ती तिने कधी घेऊ दिली नाही. "जंगलात कोणी चारून राहिलं का?" मी मात्र गुपचूप पर्समधून बिस्किटं काढायची. एकदा एका शहामृगाने बिस्किटाला सोडून सरळ तिच्या पिशवीवर चोच मारली. जीन्स फाटली, चवळी सगळ्या गाडीभर. मी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती ओरडत होती, "हास, हास! तुझ्याच बिस्किटांनं बोलावलं ना त्याला!" पुढं कित्येक महिने माझ्या गाडीत सीटखाली चवळी सापडायची.

पण तिथला जिराफ वाकायचा नाही. त्याची पाण्याची टाकी त्याच्या तोंडाच्या उंचीवर बांधलेली होती. तो चालत यायचा, उभ्या उभ्या प्यायचा आणि जायचा. शुभांगी तासन्‌तास लेन्स लावून बसायची, की कधी तरी एखादा खालच्या डबक्याशी जाईल. नाही गेला. "इथं येऊन सगळ्यांचंच असं झालं," ती एकदा म्हणाली. "गरजच नाही, तर वाकेल काहून?"

तिची फ्रेम मात्र भिंतीवर आधीच लागली होती. हॉलमध्ये सोफ्याच्या वर, चांगली दाराएवढी रुंद. फोटो नव्हता, पण सेलमध्ये मिळाली म्हणून घेऊन आली आणि प्रशांतकडून खिळेही मारून घेतले. आत दुकानातलाच नमुन्याचा फोटो होता, समुद्रावर हसत उभं असलेलं एक गोरं कुटुंब. तिने त्यांचं नाव 'जॉन्सन' ठेवलं होतं. मी म्हणायची, "अगं, ते काढ तरी, रिकामी ठेव." तर म्हणायची, "एसटीत कसा रुमाल टाकतो आपण? तसे टाकले हे. माझा जिराफ आला की उठतीन." घरी येणारे नवे पाहुणे विचारायचे, हे कोण? ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "प्रशांतचे आधीचे."

आता ते सांगते, जे सांगायला हा लेख लिहायला घेतला. शुभांगीला ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झाली होती. तिला जगात कुठेही जाता-येता येत होतं. आमचं अजून रांगेतच होतं, आहे. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला होता. इथे राहायला त्याची अडचण नसते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी कॉन्सुलेटमध्ये जाऊन नवा स्टॅम्प घ्यावा लागतो. तो कधी मिळेल, अपॉइंटमेंट कॅन्सल होईल का, काही सांगता येत नाही. ओळखीतले दोघं असे भारतात अडकून बसले होते, एकाची तर इथली नोकरी गेली. मी घाबरत होते, खोटं कशाला बोलू? शुभांगीने केनियाचं पहिल्यांदा बुकिंग करायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, "तू जा गं. तुझ्या त्या फोटोग्राफी क्लबचे लोक जातायत ना, त्यांच्याबरोबर जा." मी मनापासून म्हटलं होतं. तिने ऐकून घेतलं नाही. "त्यांच्यासोबत जाऊन काय करू? त्यांच्यात हसायला कोणी नाही. तुझं स्टॅम्पिंग होऊ दे, मग जाऊ. जिराफ कुठं पळून चालला?" त्या वर्षी ती थांबली. पुढच्याही वर्षी थांबली. या हिवाळ्यात मी शेवटी जीव मुठीत धरून पुण्याला गेले, स्टॅम्प मिळाला, आणि विमानतळावरूनच तिला फोन केला. ती इतक्या जोरात किंचाळली की प्रशांत पलीकडून काय झालं म्हणून धावत आला.

लोक मला म्हणतात, यात तुझा काय दोष? माझा नवरा म्हणतो, तिची भावजय नागपूरहून फोनवर म्हणाली, सगळे म्हणतात. बरोबरच आहे. मी तिला अडवलं नव्हतं, उलट जा म्हटलं होतं. पण मला कुणी सांगावं, की मी नसते तर ती गेली असती की नसती? दोन उन्हाळे ती माझ्यासाठी इथे बसून राहिली, उभ्याने पाणी पिणाऱ्या जिराफाकडे बघत. दोष नसला की सल नसतो असं थोडंच आहे.

तिच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, तिच्या ऑफिसमधले लोक मागे चुपचाप उभे. सगळं झाल्यावर प्रशांत माझ्यापाशी येऊन बसला. "संध्याताई, बुकिंग कॅन्सल नका करू," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, वेडा आहेस का? मी एकटी जाऊन काय करू? मला कॅमेरा ऑनसुद्धा करता येत नाही." तो म्हणाला, "मी येऊ शकत नाही. माझ्याच्याने नाही होणार. पण तुम्ही जा. ती असती तर तुम्हाला ओढत नेलं असतं." यशू शेजारी उभी होती. कॉलेजातून आली होती, डोळे सुजलेले. तिने आईची कॅमेऱ्याची बॅग माझ्या मांडीवर ठेवली. "मावशी, गेट हर द जिराफ. प्लीज." बस, एवढंच. मी हो म्हटलं. त्या पोरीला नाही कोण म्हणणार?

जाण्याआधी यशूने मला कॅमेरा शिकवला. हे बटण, ते बटण, हे दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात, मावशी, जस्ट डोन्ट लेट गो. पिशवी माझ्याकडे आली ती शुभांगीच्या गाडीतून, जुन्या चवळीसकट. मधोमध लेन्सचा खड्डा पडलेला, उशीवर डोक्याचा पडतो तसा. विमानात वजन नको आणि किडकी चवळी दुसऱ्या देशात न्यायची नाही, म्हणून ती रिकामी करणं भागच होतं. मी बॅकयार्डमध्ये जाऊन कुंपणाशी ओतली. ओतली आणि खड्डा गेला. हातात नुसती जीन्स उरली. ते काम दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं असं तेव्हा वाटलं, पण सांगणार कुणाला?

केनियात आम्हा दोघींसाठी ठरवलेली जीप तशीच ठेवली होती. कंपनीने विचारलं, रिकाम्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवू का? मी नाही म्हटलं. कॅम्पच्या स्वयंपाकघरातून ड्रायव्हर मोझेसने पिशवीत लाल घेवडा भरून आणला, आणि खिडकीवर नसली की मी ती शुभांगीच्या सीटवर ठेवायची. पहिला दिवस मी रडण्यातच काढला. दुसऱ्या दिवशी सिंह दिसले. झाडाखाली पसरलेले, पोटं वर. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बायका कमावून आणतात." मोझेसला काय कळणार! आणि तिसऱ्या दिवशी रानडुकरांचं एक कुटुंब गवतातून पळत गेलं, आई, बाप, मागे चार पिल्लं, सगळ्यांच्या शेपट्या अँटेनासारख्या सरळ वर. मी हसायला लागले. अशी हसले की थांबता येईना, डोळ्यांतून पाणी. मग शेजारच्या सीटकडे वळले, "बघितलंस का—" आणि तिथे घेवड्याची पिशवी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिच्या ट्रिपला यायचं, तिचा कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि वर खो-खो हसायचं... शोभतं का हे?

जिराफ चौथ्या दिवशी भेटला. ऊन उतरत आलं होतं. पाणवठ्यापासून जरा लांब मोझेसने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "वेट." पलीकडच्या झाडांतून तो एकटाच चालत आला. मोठा होता, रंगाने गडद, मानेवर दोन-तीन पाखरं बसलेली. पाण्यापाशी येऊन उभा राहिला आणि बघत राहिला. डावीकडे, उजवीकडे, आमच्याकडे. मी पिशवी नीट केली, लेन्स टेकवली, बटणावर बोट ठेवलं. यशूने सांगितलं होतं तसं धडाधड फोटो घेतले, उभ्या जिराफाचे. तो पाय थोडे फाकवायचा, पुन्हा दचकून जवळ घ्यायचा. पुन्हा बघत राहायचा. माझी मान अवघडली. जरा डोळा मोकळा करावा म्हणून मी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं... आणि तो वाकायला लागला.

कसं सांगू? पुढचे पाय एकेक करून सरकत गेले, थरथरत होते, एवढा मोठा प्राणी पण त्याला भीती वाटत होती हे दिसत होतं. मग मान खाली, खाली, आणि शेवटी तोंड पाण्याला टेकलं. पाखरं उडाली, परत येऊन बसली. पाण्यात त्याचं प्रतिबिंब, पाण्यावर गोल गोल लाटा. मी बघत होते. तो पीत होता. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मग झटक्यात त्याने मान वर केली, आणि उन्हात पाण्याची ती कमान उडाली, अगदी ती करून दाखवायची तशी, आणि तुटून खाली पडली. तो वळला आणि झाडांत निघून गेला. माझ्या तोंडून "अहाहा!" निघालं.

कॅमेरा पिशवीवर तसाच होता. माझं बोट बटणावर नव्हतं. दोन्ही हात मी लहान पोरीसारखे गालांवर ठेवले होते. पण खरं सांगू का, फोटो राहिला याचं मला तितकंसं काही नाही. फोटो कुणाचाही राहतो. त्या सगळ्या वेळात मला शुभांगी आठवली नाही. एकदाही नाही. ती गेली हे मी विसरले असते तर एक वेळ समजू शकले असते. ती होती, हेच मी विसरले होते. जो क्षण बघायला ती दोन वर्षं माझ्यासाठी थांबली, तो माझ्यासमोर घडला, आणि तिथे फक्त मी होते आणि तो जिराफ. आणि मी सुखात होते. अगदी पूर्ण सुखात. इतकी सुखात मी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते.

"यू गॉट इट?" मोझेसने विचारलं. मी म्हटलं, "येस, येस." त्याला सुद्धा सांगवलं नाही. कॅम्पवर वायफाय लागलं तर यशूचा मेसेज होता, "एनी लक?" मी लिहिलं, घरी आल्यावर दाखवते. पुढचे दोन दिवस आम्ही त्याच पाणवठ्यावर जाऊन बसलो. झेब्रे आले, हत्ती आले. जिराफ आला नाही. निघताना घेवडा मी कॅम्पच्या स्वयंपाकघरात परत दिला आणि पिशवीची घडी करून बॅगेत ठेवली. डॅलसच्या विमानतळावर ऑफिसरने पासपोर्ट उघडला, ज्या स्टॅम्पसाठी शुभांगी थांबली होती त्यावरून त्याची नजर नुसती सरकत गेली, आणि "वेलकम बॅक" म्हणून त्याने पासपोर्ट परत केला. एवढंसं होतं ते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. प्रशांतने चहा ठेवला. वरून जॉन्सन मंडळी हसत होती. यशू लॅपटॉप उघडून तयार बसली होती. मी कार्ड दिलं. उभा जिराफ, उभा जिराफ, उभा जिराफ, पाय थोडे फाकवलेला जिराफ, आणि मग एकदम रिकामा पाणवठा. तिने मागे-पुढे करून पाहिलं. "मावशी, व्हेअर इज इट?" मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, की तो वाकला, मी बघत बसले, आणि मला तुझी आई आठवली नाही. हे शेवटचं वाक्य मी पोरीच्या तोंडावर कशाला बोलले देव जाणे, पण न सांगता मला तिथे बसवेना. "सो... यू जस्ट वॉच्ड?" ती म्हणाली. मी मान हलवली. चहा उतू गेल्याचा आवाज आला तरी प्रशांत उठला नाही.

मग तोच म्हणाला, "बरं. मग सांगा तरी. कसा वाकला?"

मी सांगायला लागले. पाय असे... म्हणजे असे एकदम नाही, थोडे थोडे... शब्दांत येईना. मी उठले. ओढणी सोफ्यावर टाकली, हॉलच्या मधोमध कार्पेटवर उभी राहिले आणि चहूकडे बघितलं, तो बघत होता तसं. मग पाय फाकवले. माझे गुडघे कटकन वाजले. पुन्हा जवळ घेतले, पुन्हा फाकवले, वाकले, वाकत गेले, हात कार्पेटला टेकले, आणि तोंडाने पाणी पिण्याचा आवाजसुद्धा काढला, लाज सोडूनच. शेवटी मान अशी झटकली की मानेत कळ आली आणि केसांची क्लिप उडून टीव्हीवर आपटली. आणि मागून उचकी लागल्यासारखा आवाज आला... मी दचकले. वाटलं, शुभांगीच. यशू हसत होती. तिच्या आईचं हसणं तिच्यात आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ती हसत होती, रडत होती, एका हाताने फोन धरून. प्रशांतही हसायला लागला. आणि मीही, त्या कार्पेटवर, चार पायांवर.

नंतर मी प्रशांतचा फोन आला त्या दिवशीचं चवळीचं पाकीट फोडून पिशवी भरली. तेवढ्याने एकच बाजू भरली, म्हणून आणखी एक पाकीट आणलं. पिशवी फुगली आहे, खड्डा काही नाही. ती द्यायला गेले, तर दारातूनच भिंतीकडे लक्ष गेलं. फ्रेममध्ये जॉन्सन नव्हते. ते फ्रिजवर मॅग्नेटने लावले होते, कारण यशू म्हणते, दे आर फॅमिली नाऊ. फ्रेममध्ये मी होते. फोनवर काढलेला, मोठा केलेला, जरा हललेला फोटो. पाय फाकवलेले, मान वर झटकलेली, केस हवेत, तोंड उघडं. मी म्हटलं, "यशू, काढ गं ते. आत्ताच्या आत्ता काढ." ती एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "राहू दे ना, मावशी. मम्मीने जागा धरली होती."

आता मी दर शनिवारी त्यांच्याकडे जाते. तिची ट्रिप मी केली, तिचा जिराफ मी पाहून आले, आणि तिच्या भिंतीवरही मीच. मला त्या फ्रेमकडे बघवत नाही, म्हणून मी सोफ्यावर बरोबर तिच्या खाली बसते. पिशवी मांडीवर घेते, हाताने दाबत राहते. तिथून फोटो दिसत नाही. पण यशू समोरच्या खुर्चीत बसते. तिला मी दिसते, माझ्या डोक्यावर पुन्हा मीच दिसते, आणि जी दिसायला हवी होती ती तिची आई तेवढी कुठेच नसते.